चार नंबरची टेप

२ एप्रिल, मंगळवार
आले एकदाची भिलाईला! तुमसर रोडला गाडीत बसले, पावर हाऊस स्टेशनला उतरले आणि कॅम्प-१ मधल्या खोलीचा पत्ता तीन जणांना विचारला. तिघांनी तीन रस्ते सांगितले. खोली मात्र छान आहे. खिडकीसमोर शेवगा, खाली टेबल-खुर्ची, एक जुना पण दणकट कूलर. घरमालकीण सिंधुताई आमच्याच भागातल्या, लाखांदूरकडच्या. त्यांचे यजमान भैयालाल स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होते, तीन वर्षांपूर्वी गेले. आता घरात त्या एकट्याच. मी मावशी म्हणू का विचारलं, तर म्हणाल्या, म्हण, पण मग जेवायचं माझ्याचकडे. संध्याकाळी लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात. आईच्या हातचं जेवल्यासारखं वाटलं.

४ एप्रिल, गुरुवार
कामाचा पहिला दिवस. देवीदासभाऊंचा स्टुडिओ छोटा आहे. पूर्वी ते लग्नांचं शूटिंग करायचे, आता लोक घरच्या जुन्या हँडीकॅमच्या टेपा आणून देतात आणि आम्ही त्या कॉम्प्युटरवर उतरवतो. टेप कॅमेऱ्यात घालायची, वायर लॅपटॉपला जोडायची आणि बसायचं. तासाच्या टेपेला तासच लागतो, घाई चालत नाही. मला हे आवडलं. अनोळखी लोकांची बारशी, सहली, नाचणाऱ्या आत्या. सरावासाठी कॅमेरा आणि लॅपटॉप घरी न्यायला भाऊंनी परवानगी दिली.

७ एप्रिल, रविवार
मावशींनी आज बिस्किटाचा डबा माझ्यासमोर ठेवला. आत पाच टेपा, पाचवी कोरीच राहिलेली. समोरच्या खोलीत हार घातलेला फोटो आहे, पिवळा फ्रॉक, पुढचा एक दात पडलेला, ती त्यांची मुलगी करिष्मा. आठ वर्षांची असताना काविळीने गेली, २००८ साली. त्यानंतर भैयालालांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही, तो पडून पडून बिघडला. सोळा वर्षांत मावशींनी एकही टेप पाहिलेली नाही. बाकीच्या टेपांत बँड नाहीतर लाऊडस्पीकर, पोरीचा आवाज असा नाहीच. फक्त चार नंबरची घरातली आहे.

"तिच्यात ते पोरगी मले आई म्हणून हाक मारते," त्या म्हणाल्या. "तेवढं एकदा आयकव मले."

१० एप्रिल, बुधवार
एक ते तीन उतरवून झाल्या. दुपारच्या सुटीत मावशी माझ्या खाटेवर बसून बघतात. वाढदिवस, मामाचं लग्न, मैत्री बागेची सहल. करिष्मा सगळीकडे धावत असते आणि मावशी तिच्या मागे मान फिरवत राहतात. आज मला म्हणाल्या की तू आलीस म्हणून हे झालं.

१४ एप्रिल, रविवार
जयंतीमुळे स्टुडिओ बंद. बाहेर मिरवणुकीची तयारी. मी घरीच कॅमेऱ्याचं टेप वाचणारं हेड साफ केलं. साफ झालं की नाही ते बघायला कोऱ्या टेपेवर थोडं रेकॉर्ड करून पाहतात. मी डब्यातली बिनचिठ्ठीची टेप घातली, लाल बटण दाबलं आणि मावशींनी जेवायला हाक मारली. जेवून आले, खुर्चीवर बसून मोबाइल बघत राहिले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला दिसला तेव्हा अडतीस मिनिटं होऊन गेली होती.

टेप काढली. ती कोरी नव्हती. चार नंबरची चिठ्ठी गळून डब्यात पडली होती, टेपेवर डिंकाचा पिवळा डाग तेवढा राहिला होता.

अडतीस मिनिटांपुढे टेपेवर काहीच नव्हतं, आणि पुसलेलं परत येत नाही. भाऊंना फोनवर, दुसऱ्या कोणाची टेप म्हणून, विचारलं, तेही हेच म्हणाले. जिथे करिष्माची हाक होती तिथे आता मी बसलेली आहे. मोबाइल बघत.

१५ एप्रिल, सोमवार
खोटं बोलले. टेपेला बुरशी लागली होती, काहीच निघालं नाही, असं सांगितलं. मावशींनी डबा बंद केला. मग माझ्याच डोक्यावरून हात फिरवला.

"तू कावून रडून राहिली? तुयी काय चूक त्याच्यात?"

दुपारी त्यांनी मला शिरा करून दिला. मी खाल्ला.

१८ एप्रिल, गुरुवार
घाईत एखादं मिनिट नजरेतून सुटलं असेल म्हणून टेप पूर्ण पाहिली. रिकामी खुर्ची, खिडकी, पडदा. मग मी येते, बसते. तेविसाव्या मिनिटाला आवाज आला, लहान मुलीचा. "आई." अगदी स्पष्ट. स्क्रीनवरची मी मान वरसुद्धा करत नाही.

आनंदाने उठले, मावशींना बोलवायला. दारापर्यंत गेले आणि थांबले. टेपेला बुरशी लागली म्हणून मीच सांगितलं होतं. ऐकवलं तर खोटं उघडं पडेल.

परत येऊन बसले. नाही ऐकवलं.

२० एप्रिल, शनिवार
त्यांना ऐकवायचंच ठरवून आज पुन्हा लावली. हाक आता अकराव्या मिनिटाला आहे. आणि माझ्या खुर्चीमागे, पडद्याजवळ, पिवळा फ्रॉक. त्या दिवशी खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मावशींना बोलावलं नाही. हे कसं दाखवू?

२२ एप्रिल
वाढदिवसाची टेप लावली, तिचा चेहरा नीट बघायला. ती नाही. केकभोवती सगळे उभे आहेत, टाळ्या वाजवतात, मधली जागा रिकामी. भैयालाल केकचा तुकडा पुढे करतात आणि हात तसाच हवेत राहतो. लग्नाच्या टेपेतही नाही. मैत्री बागेतही नाही. लॅपटॉपवर उतरवलेल्या फायलींतून गेली आहे.

फक्त चार नंबरमध्ये आहे. खुर्चीला टेकून. माझ्याकडे बघत.

२४ एप्रिल
मावशींनी आज फोटोला हार घातला नाही. विसरल्या असतील.

हाक आता टेप सुरू होताच येते. एकदा नाही. परत परत.

२६ एप्रिल
हार नाही. फोटोही भिंतीवर नाही. विचारलं तर म्हणाल्या, कोणाचा होता कोण जाणे, डब्यात ठेवला. आणि भात वाढत राहिल्या. चेहऱ्यावर दुःखाची रेघ नाही. सोळा वर्षांची ती रेघच पुसली गेली आहे —

कॅमेरा स्टुडिओत परत दिला. टेप कापली. पट्टी कात्रीने बारीक बारीक केली. आता काही वाजणार नाही.

२८ एप्रिल
सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, पहिल्याच दिवशी.

"मावशी, टेप खराब नव्हती. करिष्माची टेप मी पुसली."

मी शिव्यांची वाट पाहत होते. शिव्या हव्या होत्या मला.

"करिष्मा कोण वं?" त्या म्हणाल्या. "मले लेकरू झालंच नाही, पोरी."

मी डब्यातला फोटो शोधला. सापडला. त्यात भिंत आहे. नुसती भिंत.

२९ एप्रिल, दुपार
मावशी जेवण घेऊन आल्या. दोन ताटं. मला वाटलं एक त्यांचं. खाली ठेवलं आणि विचारलं, तुझी पोरगी कुठे गेली खेळायला, ऊन फार आहे —

माझी.

कॅमेरा नाही, टेप नाही. तरी आवाज आला. पडद्याकडून.

मावशींनीही ऐकला. हसल्या. दारात बसल्या आहेत. मी वहीत डोकं घालून लिहिते आहे, वर बघायचं नाही म्हणून.

"ओ दे न वं," त्या म्हणतात. "कवाची हाक मारून राहिली लेकरू."

ही हाक त्यांची आहे. माझी नाही. मी ओ दिली तर कायमची माझी होईल, त्यांना कधीच — आणि नाही दिली तर ते लेकरू असंच —

पुन्हा. आता खुर्चीमागून.

मावशी, तुम्ही द्या ओ. तुम्हाला हाक मारतेय. तुम्हालाच. मी त्यांना सांगतेय आणि त्या नुसत्या माझ्याकडे बोट

माझी ओढणी कोणीतरी धरली आहे. लहान हात. गरम, तापाने

मी ओ