वस्त्रगाळ राख

पेण, रथसप्तमी, संध्याकाळ

रोह्याहून आले ती डोकं तापवूनच. धाकट्या जावेकडे, सुजाताकडे, हळदीकुंकू होतं. वाण म्हणून तिनं भांडी घासायच्या पुडीच्या बरण्या वाटल्या. भाताच्या तुसाची राख, रिठा, लिंबाच्या वाळवलेल्या साली. माझीच पूड, दिवाळीत मीच तिला शिकवलेली! आणि बायांना सांगत होती, "हे माझ्या डोक्यातनं आलंय."  

तेवढ्यात तिची शेजारीण म्हणाली, "अगो, परवा दिलीस त्या पुडीनं माझ्या समईवर चरे पडले." सुजातानं लगेच माझ्याकडे बोट केलं. "पूड ताईंची हाय. मी आपली त्या सांगतात तशी केली."

तशी? राख वस्त्रगाळ हवी, हे दहादा सांगितलं होतं. हिनं पिठाच्या चाळणीतनं चाळली असणार. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या.

निघताना मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणते, "ताई, वस्त्रगाळ म्हणजे कसं करायचं? दाखवा ना."

आणि मी दाखवलं! माझ्या पर्समधला रुमाल काढून. मग रुमाल परत घ्यायला गेले, तर म्हणते, "राहू द्या इथंच, मला लागेल."