साडूभाऊंनी दिलेली गाडी का वाजते

रा. रा. रामप्रसाद साडूभाऊ यांस, बदनापूरहून सर्जेरावचा राम राम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. (आम्ही म्हणजे मी आणि बैलजोडी. मालन पोळ्यापासून तुमच्याकडेच आहे, ते तुम्हाला काय सांगायचं.) तुमची शुगर कशी आहे? फोनवरच विचारणार होतो, पण तुमचा फोन सदा व्यस्त लागतो. सगळ्यांनाच लागतो की मला एकट्याला, हे पाहायला शेजाऱ्याच्या फोनवरून लावला, तर तुम्ही पहिल्याच रिंगला उचललात. म्हणून हे पत्र.

साडूभाऊंनी बिघडलेली गाडी माझ्या गळ्यात मारली, असं मी जावळाच्या पंगतीत म्हणालो. ते चारचौघांत म्हणायला नको होतं, असं मालनचं म्हणणं. त्यावरून ती बहिणीकडं म्हणून अंबडला आली आणि परत यायचं नाव घेत नाही. पण माझीही बाजू ऐका. तुमच्या पर्यटन केंद्रात पाहुण्यांना फिरवणारी ती चार जाड चाकांची, फटफटीसारखं हँडल असलेली उघडी गाडी तुम्ही मला मोसंबीच्या बागेसाठी विकत दिलीत, तेव्हा किल्ली देताना तुम्ही हसला होतात. माणसानं तिथंच सावध व्हायला हवं होतं. दोनेक महिने गाडी बराबर चालली आणि मग वाजायला लागली. आधी ठक, मागोमाग खुळखुळ. जागेवर उभी करून कितीही रेस द्या, आवाज बिलकुल नाही. मालनला मागं बसवून बांधावरून निघालो की ठक, खुळखुळ. गाडीला कुणीतरी शिकवून पाठवलंय, अशी माझी खात्री झाली.

प्रितम मेकॅनिक म्हणाला, टायमिंग चेन ढिली झाली. बदलली. आवाज तसाच. (जुनी चेन मी मागून घेतली. ती माझ्याच गाडीची होती का, याबद्दल अजून शंका आहे.) मग रिटायर एसटी ड्रायव्हर पुंजारामबापूंना आणलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि इतका वेळ ऐकलं की मला वाटलं त्यांना झोप लागली. शेवटी म्हणाले, "इंजिन निरोगी हाये सर्जेराव. मालकाचं दाखवून घ्या." बापू दर बाजाराला अंबडला येतात आणि तुमच्याकडं चहा घेतात, हे मला माहीत आहे. त्यांचा सल्ला बाजूला ठेवून मी स्वतःच ऑइल काढलं आणि लोखंडाचा चुरा सापडेल म्हणून फडक्यातून गाळलं. चुरा नव्हता. म्हणजे विकायच्या आधी तुम्ही तो काढून घेतला असणार, असं मी धरून चाललो.

काल बॅटरीची तार बघायला सीट काढली. खाली हत्यारांच्या डब्यात लाल फडक्यात बांधलेला नारळ. गाडी टेम्पोत घालून राजूरच्या गणपतीला पूजेला नेली होती, तेव्हा पुजाऱ्यानं मालनच्या ओटीत नारळ घातला होता. गाडी राखायला म्हणून तिनं तो न फोडता तिथं ठेवलेला दिसतो. उन्हाळ्यात वाळून त्याचा पार गोटा झाला होता. डब्यावर आपटला की ठक, आतलं खोबरं सुटलेलं म्हणून खुळखुळ. नारळ काढला आणि बांधावरून गाडी नेली. मुकाट चालली.

तेव्हा इंजिनापुरता तुमच्यावरचा संशय मी मागं घेत आहे. हसण्याबद्दलचा कायम आहे.

आपला,
सर्जेराव

ता. क. – जावळाच्या पंगतीत जे जे बसले होते, त्यांना माझा गैरसमज झाला होता असं तुम्हीच परस्पर सांगितलंत तरी माझी हरकत नाही.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवणार, तोच बैलांना पेंड घातली का विचारायला मालनचा फोन आला. तिला नारळाचं सांगितलं. म्हणाली, "मला म्हाईत व्हतं. आवाज निघाला तवापासून. सारं गाव इचारत फिरलात, मागं बसलेल्या बायकोला एकदा तरी इचारलं का?" घरात करमत नाही हो, साडूभाऊ. रविवारी मी घ्यायला येतो. ती येईल का, एवढं विचारून कळवा. आणि मी विचारलंय, हे तिला सांगायला विसरू नका.