पहिल्या खेपेचे रिव्हॉल्व्हर

मी, लटारू सुकलू गुरनुले, वय ४९, धंदा शेती, राहणार मौजा मोहफाटा, तालुका पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवतो. भीती मात्र आहे. ती लपवत नाही.

१. घर व धानाची बांधी पत्नी रंभा हिला, तिच्यानंतर मुलगी दिव्यानी हिला. शेजाऱ्याने दरवर्षी आमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, थोडाथोडा कोरला आहे. त्याला मी माफ केले. तरी मोजणी करून घ्यावी.

२. वडिलांचे विलायती रिव्हॉल्व्हर. गावच्या मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, ते वडिलांना दिले. पुढे रीतसर परवाना माझ्या नावावर झाला. मागच्या महिन्यात नागपूरहून जुन्या शस्त्रांचे एक जाणकार आले. घोड्याखालचा लहानसा स्क्रू पाहून ते हरखले. "ही कंपनीची पहिली खेप. पुढे हा स्क्रू त्यांनी काढून टाकला. अशी फार थोडी उरलीत, लोक लाखोंनी घेतात." एवढे ऐकून पुतण्या रोशन चहा सांगायला पळाला आणि चौकभर सांगून आला.

पुढचे त्याने ऐकलेच नाही. जाणकारांनी ते उजेडात धरून विचारले, "याचा मूळ काळा-निळा मुलामा कुठे गेला?" माझी आई होती तोवर दर दसऱ्याला ते चिंच-राखेने घासून पूजेत मांडायची. देवापुढे मळकट कसे ठेवायचे, म्हणायची. मुलामा गेला, कंपनीची अक्षरेही गेली. "मग पहिली खेप असूनही उपयोग नाही," म्हणत ते चहा न घेता उठले.

रोशन परत आल्यावर त्याला हे सांगितले, तर तो हसला. "काकाजी, मले येडा समजता का? घासल्यानं चीज चमकते, किंमत कशी उतरंल?"

रंभा म्हणाली, "बाबू, तुह्या आजीनं चमकवली, म्हणूनच किंमत गेली न!"

"मंग मले फुकटात देऊन टाका ना."

३. तेव्हापासून संध्याकाळी अनोळखी मोटारसायकल कुंपणाशी थांबते. परवा आमचा कुत्रा मेलेला सापडला. रंभा दिवसाही कडी लावते. काल मी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केले. पावती देव्हाऱ्यात आहे. माझ्यामागे कोणी ते परत मागू नये, सरकारने वितळवावे. आईला बोल लावू नये. तिने पूजाच केली.

४. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे उद्या सकाळी, मी असतानाच, मारुतीच्या देवळापुढे मोठ्याने वाचावे. आम्ही दोघे बांधीत असतो तेव्हा दिव्यानी घरी एकटी असते. घरात आता काही नाही, हे सगळ्यांना कळावे.

५. रोशनला मी काही ठेवलेले नाही, म्हणून त्याला साक्षीदार होता येते. लोकांनी लाखांची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकली. त्यानेच चारचौघांत सही केली तर ते मानतील. बाबू, एवढे कर.

ठिकाण : मोहफाटा
दिनांक : ३ नोव्हेंबर २०२४

लटारू सुकलू गुरनुले (सही)

साक्षीदार :
१. कोलू झिंगू मडावी (सही)
२. मंगली लालसू आत्राम (डाव्या हाताचा अंगठा)
३. रोशन गुरनुले (जागा ठेवली आहे)