शेजारचे दोन दात

४ फेब्रुवारी १९५७, अंधेरी
रेडिओच्या व्हॉइस टेस्टमध्ये दुसऱ्यांदा नापास. कारण उघड आहे. गेल्या वर्षी सोड्याची बाटली दातांनी उघडताना पुढचा दात गेला, तेव्हापासून 'सविस्तर' म्हणताना शिट्टी वाजते. आवाज माझा खणखणीत आहे, दोष फटीचा. २५ला पुन्हा टेस्ट. त्याआधी दात बसवायचाच.

६ फेब्रुवारी
डॉ. हर्बर्ट परेरांकडे गेलो. म्हणाले, एका दाताची कवळी करू, काढ-घाल करता येईल. कवळी! चौतिसाव्या वर्षी! म्हटलं, ब्रिजच हवा. त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात कानसून बारीक करायचे, त्यांवर टोप्या चढवायच्या, मधे खोटा दात. कानसलेला दात परत वाढत नाही, घरी विचारून या, म्हणाले.
जयंतीला सांगितलं. "अहो, एका गेलेल्यासाठी दोन धडधाकट मारायचे?" बायकांना दूरदृष्टी नसते.

९ फेब्रुवारी
दात कानसले. दीड तास. मी अजिबात ओरडलो नाही. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले, त्यांना काही काम निघालं असेल.

१० फेब्रुवारी, सकाळी
गरम चहा. कळ थेट टाळूत. निश्चय: आजपासून सगळं कोमट.
दुपारी
उसाचा रस, बर्फ घालून. भिंतीला धरून उभा राहिलो.

१८ फेब्रुवारी
ब्रिज 'उद्या येतो' म्हणता म्हणता आठवडा गेला. आज आला तर एका बाजूने बसेना. परत पाठवला. सराव बंद. शेजारचे बाळा कामत म्हणाले, आता शिट्टी नाही, नुसता वारा येतो. जळतो माझ्यावर.

२३ फेब्रुवारी
बसला! आरशासमोर चाळीस वेळा 'सविस्तर'. शिट्टी नाही. ऑफिसचा राजीनामा कच्चा लिहून ठेवला.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
टेस्ट झाली. प्रत्येक 'स' स्वच्छ. परीक्षकांनी अर्ध्यातच थांबवलं. उच्चार चांगले आहेत, म्हणाले, मागच्या दोन्ही वेळेलाही होते. पण आवाज सपाट, ऐकता ऐकता डुलकी लागते. मी शिट्टीबद्दल विचारलं. त्यांच्यापैकी कोणालाच ती आठवेना.
घरी आलो. जयंतीने रिझल्ट विचारला नाही. फक्त म्हणाली, "दुखतंय का?"
नाही म्हणालो. मग म्हटलं, दात अजून नवा आहे ना, त्यामुळे आवाज जरा...
तिने चहा पुढे ठेवला, कोमट करून.