ट्रंकेवरचा नंबर

कुंडल, मंगळवार, संध्याकाळ

पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परतले नाहीत. पलटणीनं त्यांची ट्रंक तेवढी घरी धाडली. ते कुठं पडले, हे शोधायला आज साताऱ्याच्या सैनिक कार्यालयात गेलो. कारकून म्हणाला, "आवं, ह्या नावाची लय माणसं हायेत. नंबर सांगा."

नंबर त्या ट्रंकेवरच होता, पांढऱ्या रंगात. मी भरती झालो तेव्हा पॉलिशपेपरनं घासून तिथं माझा घातला. आई म्हणाली होती, "पुसू नगंस रं, शेजारी लिव्ह की." ऐकलं नाही. कसली एवढी मिजास?

आता आईही नाही. मघाशी थिनर लावून माझा नंबर पुसला. खाली नुसता पत्रा. शेजारची वीतभर जागा अजून तशीच मोकळी आहे.