पाणी न पिण्याची सवय

बिबवेवाडी, पुणे
१४ फेब्रुवारी १९९९

ती. चंपाआत्यास,
पूर्वाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

नोकरी लागून महिना झाला. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस. आठ पुरुष आणि मी. सन २००० उजाडल्यावर घोळ होऊ नये म्हणून अमेरिकेतल्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं आम्ही चार आकडी करत बसतो. गैरसोय एकच. बाथरूम फक्त पुरुषांचं. मग मी युक्ती काढली आहे. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. वर्ध्याच्या उन्हाळ्यात वाढलेली मी, एवढं सहज जमतं. तुझ्या भाषेत सांगायचं तर उंट झाले आहे!

बाबांना नमस्कार सांग. माया आहे तशीच राहू दे.
तुझी पूर्वा

वर्धा
२० फेब्रुवारी १९९९

चि. पूर्वा हीस,
आत्याचे अ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला तू उंट सांगतेस? उंटाचं मूत्रपिंड पाणी इतकं राखून ठेवतं की लघवी काकवीसारखी दाट होते. कबुतरं तर वेगळी लघवी करतच नाहीत, मळाबरोबर पांढरा लेप टाकतात. तुझ्या स्कूटीच्या सीटवर असतो तोच. नदीतला मासा अंगात शिरणारं पाणी दिवसभर बाहेर टाकत बसतो. तुझी मूत्रपिंडं रोज दीडशे लिटरच्या वर पाणी गाळतात आणि लिटर-दीड लिटर सोडून सगळं रक्ताला परत करतात. तेवढ्यातूनच घाण जाते. तेही दिलं नाहीस तर ती काय कुरियरने पाठवायची? पाणी पी, बाप्पा.

रागावले म्हणून लिहिणं थांबवू नकोस.
तुझी आत्या

बिबवेवाडी
९ मार्च १९९९

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पाच दिवस दवाखान्यात होते. बाबांना सांगू नकोस. थंडी वाजून ताप, पाठीत कळा, लघवीला आग. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले होते, थोडक्यात निभावलं. आमचे मालक आप्पासाहेब मोसंबी घेऊन भेटायला आले. मी बाथरूमचा विषय काढला, तर म्हणाले की आपण सॉफ्टवेअर करतो, धर्मशाळा चालवत नाही. मोसंबी मात्र गोड होती.

राजीनामा लिहून ठेवला आहे. कारण ‘घरगुती अडचण’. हरले म्हणून लोभ कमी करू नकोस.
पूर्वा

वर्धा
१५ मार्च १९९९

चि. पूर्वा हीस,
अ. आ.

तो कागद फाड.

आमच्या शाळेतही शिक्षिकांसाठी सोय नव्हती. मी आणि गोदाबाई घरून निघताना पाणी पीत नसू. उत्सर्जनाचा धडा मी कोरड्या घशाने शिकवला आहे. दरवर्षी आग व्हायची, ताप यायचा. सब्जा खाऊन गप्प बसायचे. गेल्या दिवाळीत सोनोग्राफी केली. उजवं मूत्रपिंड आकसून लिंबाएवढं झालंय. डावं एकटं ओढतंय. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले, मी ते कागद कपाटात ठेवून दिले. तुझ्या बाबालाही बोलले नाही. फळ्यावर मूत्रपिंड डोळे मिटून काढायची मी, पण मुख्याध्यापकांसमोर ‘लघवी’ हा साधा शब्द तोंडातून निघाला नाही.

तू खरं कारण लिही. आठवण ठेव.
आत्या

बिबवेवाडी
२ एप्रिल १९९९

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

दुसरा राजीनामा लिहिला. कारण: ‘ऑफिसात बायकांना लघवीची सोय नाही.’ आप्पासाहेबांना सगळ्यांसमोर वाचून दाखवला. आठही माना एकदम स्क्रीनमध्ये घुसल्या. मग आमच्यातले सगळ्यांत वयस्कर सीतारामकाका उठले. म्हणाले, त्यांच्या बायकोने याच कारणाने नोकरी सोडली होती, त्यांना ते कळायला चार वर्षं लागली. सोमवारी गवंडी आणि प्लंबर हजर. जुन्या खोक्यांची खोली रिकामी झाली, आणि दारावर आप्पासाहेबांच्याच अक्षरात पाटी आली: ‘फक्त महिलांसाठी. पुरुषांनी चौकशीही करू नये.’

आता तुझं. बाबांना मी फोनवर सगळं सांगितलं, हवं तर रागाव. ते म्हणाले, तिला मी घेऊन येतो. बारा तारखेला सकाळी अकराला मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी रजा टाकली. कपाटातले कागद आण. मी शेजारी बसेन, पण डॉक्टरांना सगळं तू स्वतः सांगायचंस. मोठ्याने.

वाट पाहते.
पूर्वा