कुंकवाची सीडी

२७ सप्टेंबर, शनिवार
आजही प्रश्नचिन्ह! बटण दाबलं, टण्ण झालं, राखाडी पडद्यावर लुकलुकणारं फोल्डर आलं आणि त्यात प्रश्नचिन्ह. म्हणजे मशीनच विचारतंय, काय चालू करू? मला काय विचारतोस, बाबा!

मामंजींच्या प्रेसमधला हा जुना मॅक. सासूबाई गेल्या आणि मामंजींनी प्रेस बंद केली. मला यावर लिनक्स ही फुकटातली सिस्टिम चढवून लग्नपत्रिका करायच्यात. त्यांची अट — "दसऱ्यापातुर चालू झाला तर प्रेसची खोली तुजी. नायतर डबा रज्जाकच्या भंगारात, आन खोली भाड्यानं."

मला ती खोली हवी आहे. फार हवी आहे. ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी बसून किती कामं करायची?

२८, रविवार
नीलेश म्हणाला, "सीडी टाक, कीबोर्डवरचा सी दाबून धर, झालं!" धरलं. बोट दुखलं. आमच्या नवरोबांनी साध्या पीसीची सीडी उतरवली होती! याची चिप जुनी, पॉवरपीसी; याला ती कळतच नाही. आणि म्हणे आयटीत नोकरी!

३०, मंगळवार
बरोबर सीडी लिहिली. दुकानात मिळालेली शेवटची कोरी. लिनक्सचा पेंग्विन दिसला!! मग पडदा काळाकुट्ट. नेटवर कुणा भल्या माणसाने लिहिलंय — सुरू होताना एक ओळ टाइप करा, म्हणजे जुनं ग्राफिक्स कार्ड गोंधळत नाही. केली. निळा पडदा आला, भाषा विचारायला लागला — आणि लाइट गेली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कालची सीडी आज वाचतच नाही. घुर्रघुर्र करते आणि थांबते. चार बटणं एकदम दाबून आतल्या पांढऱ्या पडद्यावर गेले, सीडीवरून सुरू हो, अशी आज्ञा टाइप केली. उत्तर — उघडता येत नाही. आणि पुढे लगेच, ओके! कसलं ओके, मेल्या?

रडकुंडीलाच आले होते. सीडी काढून बघते तर चकचकीत बाजूला हळदकुंकवाचं स्वस्तिक! सकाळी मामंजींनी हत्यारांची पूजा केली — कटर, स्टेपलर, कीबोर्ड. आणि सीडी.

"अहो मामंजी, या बाजूला का?"

"पुढं तू नाव लिवलंयस ना गं. अक्षरावर कुंकू नाय लावत. छापनारी मानसं आमी."

तोंडाने भंगार भंगार करायचं आणि पूजा मात्र चुकवायची नाही. सीडी धुतली, चष्म्याच्या फडक्याने हळूहळू पुसली. उद्या शेवटचा दिवस.

२ ऑक्टोबर, दसरा
झालं!!! लिनक्स चालू! आतली बॅटरी मेलीय म्हणून तारीख १९०४ दाखवतोय, दाखवू दे. मॉनिटरला झेंडूचं तोरण बांधलं. मामंजी आले, बघितलं, खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेले. मी एकटीच नाचले.

३ ऑक्टोबर
सकाळीच मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून समोर. "पयली पत्रिका काढ."

"कुणाची?"

"वधू — चौक गावची गोदा."

टाइप केलं. "आणि वर?"

मामंजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीच. नीलेशला तेवढं तू सांग गं."